हप्त्याचा प्रश्न पत्रकारितेच्या नावावर

प्रश्न : मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील एका कंपनीतून निवृत्त झालो असून आम्ही कासारवडवलीला राहतो. माझी २८ वर्षांची मुलगी बी.कॉम. असून गेली पाच वर्षे ऐरोलीच्या एका कार्यालयात आरोग्य विम्याचे दावे तपासण्याचे काम करते. पगार ५२ हजार रुपये आहे. कामात मन लागत नाही म्हणून तिला नोकरी सोडून पत्रकारितेचा अभ्यासक्रम करायचा आहे. ती लिहिते छान, पण या क्षेत्रात भवितव्य नाही, हे आपण तिला समजावून सांगावे. चार वर्षांपूर्वी घरासाठी तिला सहकर्जदार करून ३५ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले. त्याचा सुमारे ३०,४०० रुपयांचा हप्ता तिच्या खात्यातून जातो. बरेचसे फिटले आहे. धाकटा मुलगा इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या लग्नासाठी दहा लाख बाजूला ठेवले आहेत. हे पत्र तिला न सांगता लिहीत आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार. पत्रकारितेविषयी आपण जे लिहिले आहे ते ऐकीव आहे. कर्जाविषयी जे लिहिले आहे तेवढे मात्र आकड्यांनिशी आहे. आपली खरी काळजी तिथे आहे, असे मला वाटते, आणि ती रास्तही आहे. निवृत्तीनंतर महिन्याला तीस हजारांची सोय अचानक बंद होण्याची धास्ती कोणालाही वाटेल. परंतु हीच धास्ती ‘या क्षेत्राला भवितव्य नाही’ या शब्दांत मुलीसमोर मांडली गेली, तर ती क्षेत्राची बाजू लढवत राहील, आपण क्षेत्राचे दोष काढत राहाल, आणि हप्त्याचा विषय दोघांपैकी कोणीच काढणार नाही. तिची समजूत घालण्याचे काम मी स्वीकारत नाही. अठ्ठावीस वर्षांच्या, स्वतःच्या पगारातून घर चालवणाऱ्या मुलीविषयी तिच्या माघारी सल्ला मागितला जावा, हे मला खटकले. हे उत्तर तिला वाचायला द्या.

त्याआधी ‘बरेचसे फिटले आहे’ हा आपला समज तपासून पाहा. व्याजदर तोच राहिला असे धरले, तर चार वर्षांत आपण सुमारे साडेचौदा लाख रुपये भरले आहेत आणि मुद्दलातून जेमतेम सव्वातीन लाख कमी झाले आहेत. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा भाग व्याजातच जातो. म्हणजे अजून ३२ लाखांच्या आसपास रक्कम बाकी आहे आणि मुदतीची सोळा वर्षे. ती संपतील तेव्हा आपली मुलगी ४४ वर्षांची असेल. चोविसाव्या वर्षी सही करताना हा हिशेब तिला कोणी उलगडून सांगितला होता का? मुलाच्या शिक्षणाचा आपण उल्लेख केला आहे, पण तो कमावू लागल्यावर हप्त्यात त्याचा वाटा किती असेल, याविषयी पत्रात अवाक्षर नाही. घर चौघांचे असताना हप्ता एकीचाच का, हा प्रश्न तिने आजवर विचारला नसेल, तर तो तिचा समंजसपणा आहे.

लग्नासाठी ठेवलेल्या दहा लाखांचेही असेच. ते तिच्यासाठी असतील, तर ते कशासाठी वापरावेत हे तिलाच विचारावे. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जाची मुदतपूर्व अंशतः फेड केल्यास बँकेला त्यावर दंड आकारता येत नाही. दहा लाख भरले आणि उरलेली मुदत सोळा वर्षेच ठेवली, तर हप्ता २१ हजारांच्या आत येतो. फक्त ‘मुदत तीच ठेवून हप्ता कमी करा’ असे बँकेला लेखी कळवावे लागते, अन्यथा बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करतात.

आता मुलीविषयी. ‘ती लिहिते छान’ हे वाक्य मला दर आठवड्याला एखाद्या तरी पत्रात भेटते, आणि पत्रकारितेविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज तोच आहे. ‘शुक्रवारी चोवीस तास पाणी नाही’ ही चार ओळींची बातमी घ्या. महापालिकेचे प्रसिद्धिपत्रक सगळ्या बातमीदारांच्या मोबाइलवर एकाच वेळी येऊन पडते. ते नेटक्या मराठीत उतरवणे हे डेस्कवरचे, म्हणजे कार्यालयात बसून बातम्यांचे संपादन करणाऱ्यांचे, दहा मिनिटांचे काम आहे. बातमीदाराचे काम त्यापुढे सुरू होते. याच जलवाहिनीची दुरुस्ती याआधी केव्हा झाली होती, तेव्हा चोवीस तास सांगून पाणी प्रत्यक्षात कधी आले, त्या दिवसांत टँकरचा दर कितीवर गेला, दुरुस्तीचे कंत्राट कोणाकडे आहे, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर शब्दकळेने मिळत नाही. त्यासाठी फोन न उचलणाऱ्या अभियंत्याच्या दालनाबाहेर बसावे लागते, स्थायी समितीच्या विषयपत्रिकेतील कंटाळवाणे प्रस्ताव शेवटपर्यंत वाचावे लागतात आणि हाती आलेली माहिती दुसऱ्याकडून पडताळून घ्यावी लागते. हे करण्याचा तिला कंटाळा असेल, आणि हवे आहे ते निवांत लेखन असेल, तर तिने नोकरी मुळीच सोडू नये. ललित लेख रविवारी सकाळीही लिहिता येतात.

मात्र ज्या कामाला ती विटली आहे, तेच तिचे भांडवल ठरू शकते. दावा का नाकारला जातो, रुग्णालयाच्या देयकात कोणता खर्च कोणत्या नावाखाली दडतो, पूर्वीचा आजार लपवल्याचा ठपका कधी टिकतो, हे तिला रोजच्या सरावाने कळते. सलग पाच वर्षे विमा चालू राहिल्यावर, सिद्ध झालेली फसवणूक वगळता, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. २०२४ पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. किती पॉलिसीधारकांना हे ठाऊक आहे? आरोग्य आणि विमा हे विषय आतून जाणणारे बातमीदार मराठीत फार थोडे आहेत. अर्थात तिच्या कार्यालयातील एकही कागद, एकाही रुग्णाचे नाव किंवा आजार तिला बातमीत वापरता येणार नाही. जाणकारी तिची आहे. कागद तिचे नाहीत.

अभ्यासक्रमांची नावे तिने शोधलीच असतील : मुंबई विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग, पुण्याची रानडे इन्स्टिट्यूट, भारतीय जनसंचार संस्थेचे अमरावती केंद्र, शिवाय नोकरी सांभाळून करता येणारे पदविका वर्ग. मी शेवटचा मार्ग सुचवीन, कारण वकिलाला सनद आणि डॉक्टरला नोंदणी लागते तशी कोणतीही अट आपल्याकडे पत्रकाराला नाही. पत्रकार म्हणून शासनमान्यता देणारे अधिस्वीकृतीपत्रदेखील अनुभव गाठीशी आल्यानंतरची गोष्ट आहे. वय आड येत नाही. पगार मात्र आड येतो : सुरुवातीला तिला आजच्यापेक्षा बराच कमी मिळेल, बातमीमागे मानधन घेणाऱ्या स्ट्रिंगरला तर महिन्याची शाश्वतीच नसते, आणि काही ठिकाणी बातमीदाराला वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिराती आणण्याचे लक्ष्य दिले जाते. मुलाखतीतच हे स्पष्ट विचारून घ्यावे. बातमी आणि जाहिरात एकाच हाताने मागणाऱ्या ठिकाणी तिने जाऊ नये, असे माझे मत आहे.

राजीनाम्यापूर्वी तिने सहा महिने बातमीदाराचे काम करून पाहावे. खासगी रुग्णालयांनी ठरावीक सेवांचे दर दर्शनी भागात लावणे २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. घोडबंदर रस्त्यावरील किती रुग्णालयांत तो फलक दिसतो, हे दोन शनिवारांत पाहून होईल. त्यावर महापालिकेने काय कारवाई केली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येईल : दहा रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमांनुसार एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तरासाठी तीस दिवस. उत्तर टोलवाटोलवीचे आले, तर अपील करावे. या खटपटीत तिला रस वाटतो की वैताग येतो, हे तिचे तिलाच कळेल. बाहेर लेखन प्रसिद्ध करण्यावर नियुक्तिपत्रात काही बंधन आहे का, हे मात्र आधी वाचून घ्यावे.

आणखी एक बाब पत्रात नाही. तिच्या कार्यालयाच्या सामूहिक आरोग्य विम्यात बहुधा आपण उभयताही असाल. नोकरी सुटली की ते संरक्षणही जाते, आणि या वयात नव्याने पॉलिसी घेतल्यास आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. त्याच विमा कंपनीची वैयक्तिक पॉलिसी घेऊन हा प्रतीक्षाकाळ वाचवता येईल का आणि त्यासाठी अर्ज केव्हा करावा, हे मला विचारण्यापेक्षा मुलीलाच विचारा.