चारही कॅथलिकच, पण चार वेगळी घरं

ताई, तुमची लेक अकरावीत आहे, व्हिसा एच-४ (इथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांच्या कुटुंबीयांचा), ओढा इंजिनिअरिंगकडे. यादीत अमेरिकेतली चार कॅथलिक विद्यापीठं: नोटर डेम, जॉर्जटाउन, बॉस्टन कॉलेज आणि व्हिलानोव्हा. वसईहून आजी सांगतात, पोरीची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकायला नको. आणि तुम्ही विचारताय, या चौघांत 'जास्त कॅथलिक' कोण? आमचंही मूळ वसईचं आणि माझी दोन्ही मुलं इथल्या कॅथलिक विद्यापीठांतून शिकली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इंजिनिअरिंगचं बघा, कारण यादी तिथेच निम्मी होते. जॉर्जटाउनमध्ये इंजिनिअरिंगचं कॉलेजच नाही. १७८९ सालचं, देशातलं सर्वांत जुनं कॅथलिक विद्यापीठ. परराष्ट्र व्यवहार शिकायचा असेल तर मी डोळे झाकून तेच सांगितलं असतं. बॉस्टन कॉलेजने २०२१ मध्ये इंजिनिअरिंग सुरू केलं, पण तिथे मेकॅनिकल, सिव्हिल अशा शाखा नाहीत, 'ह्यूमन-सेंटर्ड इंजिनिअरिंग' ही एकच पदवी आहे. नोटर डेम आणि व्हिलानोव्हा या दोन्हींकडे मात्र शंभर वर्षांहून जुनी इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. यादीत कॅलिफोर्नियातलं सांता क्लारा नक्की घाला. तेही जॉर्जटाउन, बॉस्टन कॉलेजसारखं येशूसंघाचंच (जेझुइट धर्मगुरूंचं), आणि थेट सिलिकॉन व्हॅलीत.

आता आजींचा मुद्दा. मिस्सा चारही ठिकाणी मिळते, तिची काळजी नको. फरक पडतो तो विद्यापीठ धर्मगुरूंच्या कोणत्या संघाने उभारलं यावरून. जॉर्जटाउन आणि बॉस्टन कॉलेज येशूसंघाची. मुंबईचं झेवियर्स ज्यांनी पाहिलंय त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल: भरपूर प्रश्न विचारा, सर्व धर्मांच्या मुलांना जागा द्या. जॉर्जटाउनमध्ये तर हिंदू मुलांसाठी स्वतंत्र प्रार्थनास्थळ आणि पूर्णवेळ हिंदू चॅप्लन (मुलांना धार्मिक आधार देणारे) आहेत. व्हिलानोव्हा ऑगस्टिनियनांचं, १८४२ सालचं. पहिल्या वर्षी प्रत्येक मुलाला, इंजिनिअरिंगवाल्यालासुद्धा, संत ऑगस्टिनच्या विचारांपासून सुरू होणारे वाचन-चर्चेचे वर्ग करावे लागतात. सध्याचे पोप लिओ इथूनच १९७७ मध्ये गणित शिकून बाहेर पडले, हे आजींना आवर्जून सांगा.

नोटर डेम होली क्रॉस संघाचं आणि तिथे धर्म रोजच्या राहण्यात आहे. हॉस्टेलं मुलामुलींची वेगळी, प्रत्येकात स्वतःचं चॅपल. मुलींच्या हॉस्टेलमधून मुलांनी रात्री १२ ला, शुक्रवार-शनिवारी २ ला बाहेर पडायचं, आणि उलटही तसंच. सहा सत्रं कॅम्पसवरच राहावं लागतं. आजींना हे ऐकून बरं वाटेल, पण राहायचंय लेकीला. काही मुलांना त्या हॉस्टेलमध्ये दुसरं घर सापडतं, काहींचा जीव घुसमटतो. म्हणून तिला एकदा तिथे नेऊन आणाच. दिवसाच्या कॅम्पस टूरवर समाधान मानू नका. रात्री नऊनंतर तिथल्या दोन मुलींशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

पैशांचं मात्र आजच तपासा. मोठ्याच्या वेळी आम्हीही व्हिसावर होतो. एका विद्यापीठाच्या साइटवर 'आर्थिक गरज पूर्ण भागवतो' असं वाचून आम्ही निर्धास्त राहिलो. पत्र आल्यावर कळलं, ते वाक्य अमेरिकी नागरिक आणि ग्रीनकार्डवाल्यांपुरतंच होतं. महिनाभर घरात कुणी धड जेवलं नाही. लेक इथल्याच शाळेत शिकली असली तरी आर्थिक मदतीच्या हिशोबात एच-४ म्हणजे बहुतेक ठिकाणी परदेशी विद्यार्थी. तेव्हा प्रत्येक ठिकाणी ईमेल करून 'एच-४' हा शब्द लिहूनच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. इथे नोटर डेमची बाजू भक्कम आहे: परदेशी विद्यार्थ्यांनाही प्रवेश देताना ऐपत बघणार नाही आणि मदतीत कर्ज घालणार नाही, असं त्यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलंय.

शेवटचं, तारखांचं. बॉस्टन कॉलेजचा लवकरचा (नोव्हेंबरातला) अर्ज बांधून घेणारा असतो, प्रवेश मिळाला की जावंच लागतं. नोटर डेमचा लवकरचा अर्ज तसा बांधत नाही, पण तो भरला तर त्याच वेळी दुसरीकडे असा बांधणारा अर्ज चालत नाही. त्यामुळे नोव्हेंबरचं एकच पान कुठे खेळायचं, हे बारावी सुरू होण्याआधी ठरवा. मदतीच्या ईमेलना काय उत्तरं आली ते इथे लिहा, मी बघते.