एसीचा १६ अँपिअरचा एमसीबी सारखा पडतो. त्याजागी ३२ अँपिअरचा बसवावा का?

नाही, बसवू नका. आपण लिहिले आहे की दीड टनाचा एसी सुरू असताना 'सी १६' एमसीबी, म्हणजे प्रवाह जास्त झाला की आपोआप वीज तोडणारा 'सी' प्रकारचा १६ अँपिअरचा स्विच, पडतो, भिंतीतली वायर २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची आहे आणि कारागिराने ३२ चा एमसीबी सुचवला आहे. हा सल्ला धोक्याचा आहे, कारण एमसीबी निवडताना त्याच्यापुढची वायर किती प्रवाह सोसते हे आधी पाहावे लागते. त्याने सर्वांत आधी वाचवायची असते ती वायर.

घरगुती एमसीबीसाठी आयईसी ६०८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार एमसीबीने त्यावर लिहिलेल्या आकड्याच्या १.१३ पट प्रवाह तासभर न पडता वाहू द्यायचा असतो आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभराच्या आत पडायचे असते. म्हणजे ३२ चा एमसीबी ३६ अँपिअर मुकाट्याने वाहू देईल आणि ४६ अँपिअरलाही पडायला जवळजवळ एक तास घेऊ शकेल. भिंतीतल्या पाइपमधून गेलेली आपली वायर साधारण २० अँपिअरच्या आसपास सोसते, आणि त्याच पाइपमध्ये इतर वायरी असतील तर त्याहूनही कमी. पीव्हीसीचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असते; त्याहून जास्त तापत राहिले की ते कडक होते, तडकते आणि हे सारे भिंतीच्या आत, कोणाच्याही नजरेस न पडता घडते. एमसीबी पडायचा थांबल्यामुळे घरातल्यांना मात्र दुरुस्ती झाली असेच वाटते, याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

आता मूळ प्रश्नाकडे पाहू. दीड टनाचा एसी २३० व्होल्टवर चालताना साधारण ७ ते ९ अँपिअर घेतो, त्यामुळे १६ चा एमसीबी त्याला पुरेसा आहे. तरीही तो पडत असेल तर तो नेमका केव्हा पडतो याकडे लक्ष द्या. कॉम्प्रेसर सुरू होताक्षणी पडत असेल तर शंका एसीवर घ्यावी. 'सी' प्रकारचा एमसीबी ५ ते १० पट प्रवाहाला तत्काळ पडतो, म्हणजे क्षणभर ८० अँपिअरपर्यंतची उसळी तो सहन करतो, आणि त्याहून जास्त प्रवाह लागत असेल तर कॉम्प्रेसर किंवा कपॅसिटर तपासायला हवा.

अर्ध्यापाऊण तासाने पडत असेल, तर माझा पहिला संशय सैल जोडणीवर आहे. एमसीबीच्या आत द्विधातूची पट्टी असते. ती उष्णतेने वाकते, आणि ती उष्णता जास्त प्रवाहाची आहे की सैल स्क्रूपाशी निर्माण झालेली आहे, हे तिला कळत नाही. डीबी (सगळे एमसीबी बसवलेली पेटी) उघडल्यावर त्या एमसीबीपाशी वायरचे आवरण तपकिरी झालेले किंवा स्क्रू काळवंडलेला दिसला, तर कारण बहुधा तेच असते. आणखी एक दोष सहज नजरेतून सुटतो: वायर स्क्रूने आवळल्या जाणाऱ्या पकडीच्या आत जाण्याऐवजी तिच्या मागे सरकते, स्क्रू घट्ट फिरतो, पण वायर नीट दाबली जात नाही. म्हणून स्क्रू आवळल्यावर वायर हाताने ओढून पाहावी. आवरणाचा भाग पकडीखाली येऊ देऊ नये आणि वायर आत बसत नाही म्हणून तिच्या तारा कापू नयेत. तापून खराब झालेला एमसीबी बदलावा, मात्र पुन्हा 'सी १६' च घ्यावा. हे काम परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्या, कारण मुख्य स्विच बंद केला तरी त्याच्या आधीच्या टर्मिनलवर वीज कायम असते.

पडतो तो खरोखर एमसीबीच आहे ना, हेही पाहा. आरसीसीबी (वीजगळती झाली की वीज तोडणारा स्विच) पडत असेल तर तो वीजगळतीचा किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळल्याचा प्रश्न असतो आणि अँपिअर वाढवून तो सुटत नाही.

शेवटी क्लॅम्प मीटर (वायर न तोडता तिच्याभोवती धरून प्रवाह मोजणारे उपकरण) फक्त फेजच्या वायरीभोवती धरून, एसी तासभर चालल्यानंतरचा प्रवाह मोजून घ्या. तो १६ च्या वर निघाला, तर बहुधा त्याच वायरीवरून दुसरे एखादे उपकरण चालते आहे. त्याच्यासाठी स्वतंत्र वायर आणि स्वतंत्र एमसीबी द्या. मोठा एमसीबी हवाच असेल, तर आधी त्याला साजेशी जाड वायर ओढावी लागेल आणि सॉकेटही तपासावे लागेल, कारण सर्वसाधारण मोठे सॉकेट १६ अँपिअरचेच असते.