संप्रदाय पाठ करण्याआधी

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

मानसशास्त्रातल्या संप्रदायांच्या, म्हणजे वेगवेगळ्या विचारप्रवाहांच्या, तुझ्या नोट्सचा फोटो पाहिला. वुन्ट, टिचनर, जेम्स, वॉटसन, फ्रॉइड, मास्लो, सगळे एकाखाली एक आणि समोर साल आणि वादाचं नाव. पाच मार्कांची टीप यातून आरामात निघेल. पण पेपर झाला की आठवड्याभरात सगळं पुसलं जाईल, कारण एका ओळीचा दुसरीशी संबंधच लागत नाही. तो लावायचा असेल तर या रांगेतल्या प्रत्येकाबद्दल एक प्रश्न विचार: हे याला कळलं कसं? संप्रदायांची निम्मी भांडणं या प्रश्नावरूनच झाली आहेत.

वुन्टपासूनच बघ. १८७९ साली लाइपझिगला प्रयोगशाळा निघाली, हे तू लिहिलं आहेस. तिथे चालायचं काय? मेट्रोनोमचे ठोके ऐकवायचे आणि तयार केलेल्या निरीक्षकाने मनात काय उमटलं ते सांगायचं. हे अंतर्निरीक्षण. टिचनरने ते अमेरिकेत कॉर्नेलला नेलं आणि आणखी कडक केलं. गाडी अडली ती पुढे. वुन्टचाच शिष्य क्युल्पे व्युर्झबर्गला होता. तिथले निरीक्षक सांगू लागले की काही विचार मनात कुठलीही प्रतिमा न उमटताच येतात. टिचनरचे निरीक्षक म्हणाले, छे, नीट पाहिलं तर प्रतिमा असतेच. आता खरं कोणाचं? दोघांचा पुरावा आपापल्या डोक्यात आणि तिथे तिसऱ्याला प्रवेश नाही. वाद वर्षानुवर्षं चालला आणि निकाल लागलाच नाही.

या पार्श्वभूमीवर १९१३ चा वॉटसन वाच. मनाचं राहू द्या, जे दोघांना दिसतं आणि मोजता येतं तेवढंच बोला, असं तो का म्हणाला ते लगेच समजेल. मला वॉटसन फारसा आवडत नाही. छोट्या अल्बर्टवरचा त्याचा आणि रोझाली रेनरचा १९२० चा प्रयोग म्हणजे एकच बाळ, तुलनेला दुसरं कोणी नाही आणि त्याच्या मनात मुद्दाम बसवलेली पांढऱ्या उंदराची भीती काढून न टाकताच बाळ निघून गेलं. आजची कुठलीही नीतिसमिती याला परवानगी देणार नाही. तरी त्याची मूळ तक्रार रास्त होती.

फ्रॉइडला हाच प्रश्न विचारलास की उत्तर येतं: मोजक्या रुग्णांच्या दीर्घ मुलाखतींतून. त्याचं बळ आणि दुबळेपण दोन्ही तिथेच. मास्लोचं थोडक्यात सांगतो. गरजांचा तो त्रिकोण (तळाशी भूक-तहान, टोकाला आत्मसिद्धी) त्याच्या १९४३ च्या मूळ लेखात नाहीच, मागाहून इतरांनी काढला. आकृती चिकटवून मार्क मिळतात, मिळव.

संशोधनपद्धतीच्या धड्यात मात्र घाई करू नकोस. त्यासाठी बर्लिनचा हान्स नावाचा घोडा पुरे. मालक फॉन ऑस्टेन, निवृत्त गणितशिक्षक. बेरीज विचारली की घोडा खुराने तितके ठोके देई. १९०४ मध्ये कार्ल श्टुम्फच्या समितीने तपासलं, लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्टने दोन साध्या गोष्टी केल्या. उत्तर माहीत नसलेल्या माणसाला प्रश्न विचारायला लावलं आणि घोड्याला प्रश्नकर्ता दिसणार नाही अशी झापडं बांधली. घोडा चुकू लागला. विचारणारा प्रश्न संपवून खुराकडे बघायला किंचित वाकायचा, तेव्हा ठोके सुरू व्हायचे. बरोबर आकडा आला की त्याचं डोकं जरासं वर उचललं जायचं आणि ठोके थांबायचे. आपण असं करतो हे विचारणाऱ्याला ठाऊकच नसे. फुंग्स्ट पुढे स्वतः घोड्याच्या जागी बसला. माणसं मनात आकडा धरत, हा हाताने ठोके देई आणि त्यांचं डोकं हललं की थांबे. त्यालाही उत्तरं येऊ लागली!

हे तुला आरशातल्या चांदणीच्या प्रॅक्टिकलला लागेल, म्हणजे फक्त आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायची त्या प्रयोगाला. गिरवता गिरवता सब्जेक्ट, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग चाललाय तो, तुझ्याकडे बघून ‘बरोबर चाललंय ना?’ विचारेल. मान हलवलीस की तू फॉन ऑस्टेन. सूचना लिहून ठेव, सगळ्यांना तीच वाच, मग गप्प बस. आणि आकडे अपेक्षेप्रमाणे आले नाहीत तर जर्नलमध्ये आले तसेच लिही. रात्री बसून ‘छान’ आकडे भरणाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे, तू त्यात जाऊ नकोस. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. मूळच्या ९७ टक्क्यांत सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोगाने येणं अवघड असा, निष्कर्ष होता, दुसऱ्या खेपेला तो ३६ टक्क्यांतच आला. हे वाचून विषयावर रुसायचं कारण नाही. तपासणी मानसशास्त्रज्ञांनीच केली होती.

एक गोष्ट तुझ्या पुस्तकात बहुधा नसेल. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. पाटण्याच्या जमुना प्रसादांनी त्यानंतरच्या अफवा गोळा केल्या. ज्यांना धक्का जाणवला पण नुकसान झालं नाही, त्यांच्यात अफवा होत्या त्या याहून भयंकर काही येणार असल्याच्या. माणूस घाबरलेला असताना आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवील? अमेरिकेत लिऑन फेस्टिंगरला हा प्रश्न छळू लागला. त्याने उत्तर काढलं की भीती तर वाटतेय, पण आजूबाजूला कारण दिसत नाही, म्हणून अफवा ते कारण पुरवते. तुलनेला त्याला दुर्गानंद सिन्हांचा दार्जिलिंगच्या दरडींवरचा अभ्यास मिळाला. तिथल्या लोकांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता आणि त्यांच्यात तशा अफवा नव्हत्या. यातूनच त्याचा १९५७ चा बोधनिक विसंवादाचा सिद्धांत उभा राहिला: मनातल्या दोन गोष्टी एकमेकींशी जुळेनात की माणूस अस्वस्थ होतो आणि त्या जुळवू पाहतो. दोन वर्षांनी आलेला एक डॉलर-वीस डॉलरचा प्रयोग (कंटाळवाणं काम मजेचं होतं असं खोटं सांगायला काहींना एक डॉलर दिला, काहींना वीस) सगळे शिकवतात, अफवांचा उल्लेख क्वचितच होतो. आधी निरीक्षण, मग तुलना, मग सिद्धांत, शेवटी प्रयोग, हा क्रम तुला इथे सलग दिसेल.

आणि हो, दर प्रॅक्टिकलला रूममेटलाच सब्जेक्ट म्हणून बसवू नकोस. एव्हाना तिला चांदणीची सवय झाली असेल, शिवाय तुझं गृहीतक तिला तोंडपाठ असणार. मेसमधल्या मावशींना विचार. आधी त्यांची परवानगी घे, मध्येच उठायचं असेल तर उठा म्हणून सांग आणि वेळ मात्र त्यांच्या सोयीची ठेव.

कळावे. घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझे,
सर