ड्यूक अबोल लिहायचाय पण उर्मटच वाटतो, काय चुकतंय?

तुम्ही विचारलंय की रीजन्सी काळातल्या, म्हणजे साधारण १८११ ते १८२० च्या इंग्लंडची प्रेमकथा लिहिताय, ड्यूक, म्हणजे तिथला सगळ्यात वरच्या किताबाचा सरदार, अबोल दाखवलाय तर मैत्रिणींना तो उर्मट वाटतो आणि तडफदार नायिका नुसती भांडखोर वाटते. मी या कादंबऱ्या कॉलेजपासून वाचतेय आणि मला वाटतं तुमचा ड्यूक गप्प का आहे हे अजून तुमचंच ठरलेलं नाहीये. कारण ठरलं की तो वाचकाला कळायला लागेल, जास्त बोलायला लावायची गरजच नाही.

एका खऱ्या ड्यूकचं सांगते, ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं. आपल्याला तो शाळेच्या पुस्तकात आर्थर वेलस्ली म्हणून भेटतो, १८०३ मध्ये असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला. माझं माहेर जालन्याचं, केळना आणि जुई नद्यांच्या मधलं ते रान मी लहानपणी पाहिलंय, पण हा माणूस हिंदुस्थानात यायच्या आधी लग्नाचा नकार पचवून बसला होता हे मला फार उशिरा कळलं. १७९३ मध्ये त्याने आयर्लंडात किटी पेकनहॅमला मागणी घातली होती आणि तिच्या घरच्यांनी साफ नाही म्हटलं, कारण हा सरदारघराण्यातला असला तरी धाकटा मुलगा, पैसा नाही, लष्करातली जागाही बेताचीच. त्याला व्हायोलिनचा नाद होता. त्याच सुमारास त्याने आपली व्हायोलिन्स जाळून टाकली. बघा, एवढ्या एका गोष्टीनंतर तो पुढे शंभर पानं गप्प राहिला तरी कुणी त्याला उर्मट म्हणणार नाही.

१८०५ मध्ये तो नाव कमावून परतला आणि १८०६ मध्ये त्याच किटीशी लग्न केलं, मधल्या दहा-बारा वर्षांत एकदाही न भेटता. संसार काही जुळला नाही. तो वर्षानुवर्षं पोर्तुगाल-स्पेनमधल्या युद्धावर, १८१४ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, घरी असला तरी तुटक, आणि ती त्याच्यापुढे कायम बावरलेली. १८३१ मध्ये ती लंडनच्या घरी शेवटच्या आजारात पडली तेव्हा मात्र तो तिच्या उशाशी बसून असायचा. तेव्हाची एक आठवण सांगतात, की तिने त्याच्या बाहीत बोटं सरकवून चाचपलं, तिने कधीकाळी दिलेला ताईत अजून दंडावर आहे का ते बघायला. होता! आणि तो नंतर म्हणाला म्हणे, की गेल्या वीस वर्षांत कधीही हात घातला असता तरी तो तिला तिथेच सापडला असता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं. वीस वर्षं एका घरातली दोन माणसं, त्याने सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही.

मला वाटतं आपण या कादंबऱ्या वाचतो त्या यासाठीच. तुमच्या नायिकेने तो हात वीस वर्षं आधी घालायचाय, तिची तडफ असते ती ही. चारचौघात टोमणे मारणं म्हणजे तडफ नव्हे.

आणि तिला विचारण्याची घाई का असावी, याचं उत्तर त्यांच्या कायद्यात आहे. तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईच्या हातातला पैसा, दागिने, कमाई सगळं नवऱ्याचं, वेगळी लिखापढी करून ठेवली असेल तेवढंच वाचायचं. मुलांवर हक्क बापाचा. घटस्फोट हवा तर पार्लमेंटमधून खास कायदा पास करून आणायचा, १८५७ पर्यंत लग्न पूर्ण मोडायचा दुसरा रस्ताच नव्हता. म्हणजे या माणसाच्या मनात काय आहे हे तिला लग्नाआधीच कळायला हवं, नंतर कळून उपयोग शून्य. ही भीती तिच्या भांडणाखाली ठेवा, मग ती भांडखोर वाटणार नाही.

डेव्हनशायरची डचेस, म्हणजे तिथल्या ड्यूकची बायको, जॉर्जियाना बघा. १७७४ मध्ये सतराव्या वाढदिवसाच्या सुमारास लग्न झालं, नवरा अगदी थंड, आणि ही अशी की १७८४ च्या निवडणुकीत रस्त्यावर उतरून दारोदार मतं मागत फिरली, त्यावरून तिची व्यंगचित्रं निघाली. पण पुढे तिचा प्रियकर चार्ल्स ग्रे याच्यापासून दिवस गेले तेव्हा नवऱ्याने परदेशी धाडलं, आपल्या तिन्ही मुलांपासून ती दोनेक वर्षं लांब राहिली आणि ती नवी मुलगीही ग्रेच्या घरच्यांना देऊन टाकावी लागली. इतकी धीट बाई, आणि कायद्यापुढे तिचं काही चाललं नाही.

अजून एक, नावाचं. तुमची नायिका तिसऱ्याच भेटीत त्याला पहिल्या नावाने हाक मारते असं तुम्ही लिहिलंय, ते काढा. बाहेरचे त्याला युअर ग्रेस म्हणणार, बरोबरीचे नुसतं ड्यूक म्हणणार. जॉर्जियानाच्या मुलाला तर घरातही हार्ट म्हणायचे, ते हार्टिंग्टन या त्याच्या किताबावरून, म्हणजे पाळण्यातल्या पोराला लाडाची हाकसुद्धा जहागिरीच्या नावाने. अशा माणसाला कुणीतरी पहिल्यांदा त्याच्या स्वतःच्या नावाने हाक मारतं हा मोठा प्रसंग आहे. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव फक्त उखाण्यात घ्यायच्या, तेव्हा आपल्या वाचकांना त्यातली धडधड समजावून सांगावी लागणार नाही. तो प्रसंग पुस्तकाच्या दुसऱ्या अर्ध्यात न्या, आणि त्याच्याआधी कधीतरी, तिचं लक्ष नसताना, वाचकाला त्याच्या बाहीतला ताईत एकदा दिसू दे.