बरणी नाताळात उघडताना

वाचकांचे प्रश्न : परस आणि साठवण

डिसेंबर उजाडला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. पावसाळाभर गोगलगायी आणि बुरशी यांच्याविषयी विचारणारे वाचक आता उन्हाळ्यात भरून ठेवलेल्या बरण्यांविषयी विचारू लागतात, कारण नाताळच्या सुट्टीत मुले-नातवंडे घरी येणार असतात आणि फळीवरच्या त्या बरण्या त्यांच्यासाठीच राखलेल्या असतात. पहिल्या प्रश्नाला या वेळी अधिक जागा दिली आहे, कारण तोच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत अनेकांनी विचारला आहे.

प्रश्न : परसातल्या झाडाच्या कोवळ्या कैऱ्या, म्हणजे आमच्याकडची तोरे, एप्रिलमध्ये मिठात चेपून ठेवली होती. नाताळला पुण्याहून मुलगी येणार म्हणून परवा बरणी उघडली, तर खाऱ्या पाण्यावर पांढरी साय धरलेली दिसली. सगळी बरणी टाकून द्यावी लागेल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : लगेच टाकू नये, पण तशीच झाकूनही ठेवू नये. प्रथम बरणी उजेडात नेऊन ती साय नीट पाहावी. ती पातळ, सपाट, थोडी सुरकुतलेली आणि पांढरीच असेल, तर तो हवेच्या संपर्कात वाढणाऱ्या यीस्टचा थर आहे; तो स्वतः विषारी नसतो, परंतु खाऱ्यातील आम्ल खात राहतो आणि आम्ल कमी झाले की इतर जंतूंना वाट मोकळी होते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. मात्र तिथे कापसासारखी लव दिसत असेल, किंवा हिरवा, काळा, गुलाबी असा कोणताही रंग दिसत असेल, तर ती बुरशी आहे आणि तिथे हळहळत बसण्यात अर्थ नाही. ती बरणी टाकून द्यावी.

साय पांढरीच असल्यास कोरड्या चमच्याने ती काढून टाकावी, तोरे एकेक करून बाहेर घ्यावीत आणि बोटांनी दाबून पाहावीत. चांगले तोर सुरकुतलेले, शेवाळी-तपकिरी रंगाचे आणि दाबल्यावर चिवट लागते. जे बुळबुळीत झाले आहे किंवा ज्याची साल हाताला चिकटून सुटते, ते बाजूला काढावे. जुने खारे पाणी ओतून द्यावे, बरणी उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावी आणि एक लिटर पाण्यात सुमारे 250 ग्रॅम जाडे मीठ घालून, उकळून, थंड केलेले नवे खारे पाणी भरावे. वर जड बशी ठेवून सगळी तोरे पाण्याखाली राहतील असे पाहावे, कारण साय धरते ती बहुधा वर तरंगणाऱ्या तोरांमुळे. आयोडीनयुक्त बारीक मीठ वापरले तर खारे पाणी गढूळ होऊ शकते आणि मग साय कोणती व गढूळपणा कोणता हे कळेनासे होते, म्हणून आपल्या मिठागरांतले जाडे मीठच बरे.

पुढच्या वर्षासाठी एक सूचना. तोरे झाडावरून देठासकट काढलेली असावीत. एका वर्षी वळवाच्या वाऱ्यात पडलेली तोरे वाया जाऊ नयेत म्हणून मी त्याच बरणीत घातली. त्यांपैकी एकाला दगडाचा मार बसला होता. ऑगस्टपर्यंत त्याच्या भोवतालची सहा-सात तोरे पिठासारखी मऊ झाली आणि झाकण उघडताच जो वास आला, त्यानंतर मी पडलेल्या फळाची लगेच चटणी करते, बरणीत कधीही घालत नाही.

राहिलेली तोरे आपल्या मुलीला उकड्या तांदळाच्या पेजेबरोबर द्यावीत. सकाळच्या गारव्यात पेजेला दुसऱ्या कशाची जोड लागत नाही. खारटपणा अधिक वाटल्यास तोर रात्रभर साध्या पाण्यात ठेवावे, सकाळी गर बाठीपासून सोडवावा आणि ओले खोबरे, हिरवी मिरची व गुळाचा लहान खडा यांच्याबरोबर वाटावा.

प्रश्न : मे महिन्यात वाळवलेल्या कोकमाच्या सोलांवर पांढरे कण आले आहेत. ही बुरशी आहे का? (एक वाचक, सांगे)

उत्तर : बहुधा ते मीठ आहे. सोले वाळवताना त्यांना मीठ घातलेल्या रसाची पुटे दिली जातात, आणि पावसाळ्यात ओलावा धरलेली सोले आताच्या कोरड्या हवेत पुन्हा वाळू लागली की ते मीठ स्फटिक होऊन वर येते. एक सोल वाटीभर पाण्यात टाकावे. कण विरघळून गेले तर मीठ, तंतू तरंगत राहिले तर बुरशी. मीठ असल्यास सोले दोन दिवस कडक उन्हात पसरावीत आणि घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरावीत. सुट्टीतल्या सोलकढीसाठी ती उत्तम आहेत, फक्त मीठ घालण्यापूर्वी कढी चाखून पाहावी.

प्रश्न : परदेशात राहणारी माझी भावजय परसातला घेवडा, गाजर आणि मका बाटल्यांत भरून, त्या बाटल्या पाण्यात उकळून वर्षभर ठेवते आणि नाताळच्या जेवणात वापरते. आपल्याकडे हिवाळी भाजी अशी ठेवता येईल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : उकळत्या पाण्यात ठेवून मुळीच नाही. आपली भावजय बहुधा प्रेशरवर चालणारे खास भांडे वापरत असेल. नसेल, तर तिलाही हे उत्तर कळवावे. घेवडा, गाजर, मका यांत आम्ल फारच कमी असते. मातीतून येणाऱ्या क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या जिवाणूचे बीजाणू 100 अंश सेल्सिअसला मरत नाहीत; त्यांच्यासाठी सुमारे 121 अंशांची वाफ लागते आणि ती दाबाखालीच मिळते. झाकण घट्ट बसलेल्या, हवा नसलेल्या बाटलीत हे बीजाणू जागे होऊन विष तयार करतात, आणि त्या भाजीला वास, रंग किंवा चव यांत काहीही फरक जाणवेलच असे नाही. पदार्थाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल अधिक) 4.6 च्या खाली असेल तर हा जिवाणू वाढू शकत नाही, म्हणून कैरी, कोकम, लिंबू आणि बिंबले (बिलिंबीची आंबट फळे) यांच्या बाबतीत आपण पिढ्यान्‌पिढ्या निर्धास्त राहिलो. तेलात बुडवून आठवडेच्या आठवडे बाहेर ठेवलेल्या कच्च्या लसणीलाही हाच धोका आहे, हे जाता जाता सांगून ठेवते.

परंतु मला मुळात विचारावेसे वाटते की गोव्यात हिवाळ्याची भाजी साठवायचीच कशाला? थंड देशांत डिसेंबरमध्ये जमीन गोठते, म्हणून तिथली बरणी हिवाळ्यासाठी भरली जाते. आपली बरणी पावसासाठी भरली जाते. आपण मडगावच्या आहात, तेव्हा पुरुमेंताचे फेस्त आपल्याला सांगायला नको. पवित्र आत्म्याच्या चर्चच्या फेस्तावेळी, पाऊस सुरू होण्याच्या तोंडावर, सुकी मासळी, मिरची, चिंच, सोले आणि मीठ यांची बेगमी करण्याचा तो बाजार आहे, आणि पुरुमेंत हा शब्दही तरतूद या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आलेला आहे. नाताळात आपल्या फळीवर असतो तो त्या बेगमीचा उरलेला भाग, आणि मळ्यांत मात्र मुळा, तांबडी भाजी, नवलकोल, वांगी यांची रेलचेल असते. तेव्हा ताजी भाजी ताजीच शिजवावी आणि तोंडी लावायला बरणी उघडावी. तरीही काही घालायचेच असेल, तर गाजर व मुळा यांचे तुकडे एक लिटर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ घेऊन त्यात पूर्ण बुडवून ठेवावेत. चार-पाच दिवसांत त्यांना आंबट चव आली की बरणी फ्रिजमध्ये ठेवावी आणि सुट्टी संपेपर्यंत ती संपवावी.

प्रश्न : गेल्या वर्षी शेजारणीकडून शिकून पेरूचे पेराद केले, पण वड्या पडल्याच नाहीत, सगळे चिकट राहिले. काय चुकले? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : दोनपैकी एक गोष्ट चुकली असावी : पेरू फार पिकलेले होते, किंवा भांडे लवकर उतरवले. वडी धरते ती पेरूतल्या पेक्टिनमुळे आणि फळ अती पिकले की ते क्षीण होत जाते, म्हणून निम्मे पेरू पिकलेले आणि निम्मे नुकते रंग बदलू लागलेले घ्यावेत. ते शिजवून, बिया चाळणीत अडवून, गर मोजावा. जितका गर तितकीच साखर आणि किलोमागे एका लिंबाचा रस पुरतो. जाड बुडाच्या भांड्यात, लांब दांड्याच्या कालथ्याने सतत ढवळावे, कारण हा गर शिजताना उडतो आणि हातावर पडलेला थेंब चांगलाच भाजतो. गोळा भांड्याच्या कडा सोडून कालथ्याभोवती फिरू लागला की थंड बशीवर थेंब टाकून पाहावा; बोट लावल्यावर तो चिकटला नाही तरच उतरवावे. गेल्या वर्षीसारखे पुन्हा झाले, तर ते टाकून न देता परत चुलीवर चढवावे, बहुतेक वेळा सुधारते. शेजारणीकडे कुस्वाराचे, म्हणजे नाताळच्या गोडाधोडाचे, ताट जाईल तेव्हा तिला हेही सांगावे की पेरू हे आपले नावदेखील नासपतीच्या पोर्तुगीज नावावरूनच आले आहे.

प्रश्न : आमच्या परसात मानकुराद आंब्याचे एक मोठे झाड आणि कोकमाची दोन झाडे आहेत. पुढच्या उन्हाळ्यात बरण्या भरायच्या तर आता पाणी किती द्यावे? कोकमाच्या एका झाडाला दहा वर्षांत फळ आलेले नाही. (एक वाचक, काणकोण)

उत्तर : मोठ्या आंब्याला आता पाणी देऊ नये. पावसानंतरचा कोरडा काळ आणि रात्रीचा गारवा यांमुळे मोहोर येतो. या दिवसांत पाणी किंवा शेणखत मिळाले तर झाड मोहोराऐवजी तांबूस कोवळी पालवी काढत बसते. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर, बुंध्यापाशी नव्हे तर फांद्यांच्या घेराखाली, दर दहा-बारा दिवसांनी पाणी सुरू करावे. मोहोरावर तुडतुडे दिसल्यास संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करावी, पण फुले पूर्ण उमलली असताना ती टाळावी, कारण तेव्हा परागीभवन करणाऱ्या माश्यांची ये-जा असते.

कोकमाचे वांझ झाड बहुधा नर आहे. बियांपासून वाढवलेल्या कोकमांपैकी साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला सात-आठ वर्षे जातात. या हिवाळ्यात त्याला फुले येतील तेव्हा जवळून पाहावे : मधोमध अंडाशयाचा हिरवा गोळा नसेल आणि नुसते पुंकेसरच असतील, तर शंका उरत नाही. तरीही ते तोडू नये. दुसऱ्या झाडाला फळे धरण्यासाठी त्याचे पराग उपयोगी पडतात. त्याच्या शेजारी, पुढच्या पावसाच्या आरंभी, मादी झाडाची काडी बांधलेले खात्रीचे कलम लावावे आणि खड्डा मात्र मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावा.