'कँपिओने' अ‍ॅनिमे बघण्यासारखा आहे का? चांगलं काय, खटकतं काय?

दैवतकथांची आवड असेल तर बघाच. 2012 चा, फक्त 13 भागांचा आहे, दोन दिवसांत होतो. गोदो नावाचा जपानी पोरगा इटलीत जातो आणि तिथे वेरेथ्रग्न या इराणी युद्धदेवाला मारून त्याची शक्ती मिळवतो. हा वेरेथ्रग्न म्हणजे आपल्या वेदांतल्या इंद्राचं जे 'वृत्रहन्' विशेषण आहे ना, त्याचाच इराणी भाऊ, शब्द एकाच मुळातला, मला तर हे कळल्यावर मालिका दुप्पट आवडली. अवेस्तात, म्हणजे पारशांच्या धर्मग्रंथात, त्याची दहा रूपं आहेत, वारा, बैल, पांढरा घोडा, रानडुक्कर वगैरे, आणि गोदोच्या शक्ती नेमक्या त्याच, प्रत्येकीला वेगळी अट. रानडुक्कर बोलवायचं तर फोडायला काहीतरी अवाढव्य लागतं!

या शक्तींत सगळ्यात भारी म्हणजे सोन्याच्या तलवारी. त्या चालवायला समोरच्या देवाचा इतिहास माहीत पाहिजे, म्हणून ऐन लढाईत ग्रीक कथांतल्या अथेना, मेडुसा आणि मेटिस मुळात एकच देवी कशी हे गोदो बोलत जातो आणि तेच त्याचं शस्त्र.

आता खटकणारं. देवांचं ते ज्ञान त्याला सोबतच्या मुली चुंबनातून देतात, दरवेळी, आणि खाली शहर उद्ध्वस्त होत असताना हे लांबतच जातं, लढाईचा जोरच जातो. त्यांतली एरिका सुरुवातीला काय दमदार तलवारबाज दाखवलीय, पुढे तिलाही गोदोच्या मागे लावून दिलंय, त्याचं खरंच वाईट वाटतं. शेवटही घाईत उरकलाय. लहान भावंडांसोबत मात्र बघू नका.