घरात एकाचे डोळे आले की आधी टॉवेल वेगळे करा

ताई, तुमच्या धाकट्याचे डोळे आलेत, घर दोन खोल्यांचं, माणसं सहा, आणि त्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन जेमतेम बारा दिवस झालेत. "त्याला गॉगल लावून कोपऱ्यात बसवलंय, एवढं पुरेल का?" असं तुम्ही विचारलंय. नाही पुरणार. मी मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं गृहपाल होते. दर दोन-तीन पावसाळ्यांनी डोळ्यांची साथ यायचीच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डोळे आलेल्याकडे बघितलं की आपलेही येतात, ही समजूत आधी मनातून काढा. नजरेतून काही येत नाही. विषाणू असतो डोळ्यातल्या पाण्यात आणि चिपडांत. तिथून तो पोराच्या बोटाला लागतो, बोटावरून नळाला, दाराच्या कडीला, टीव्हीच्या रिमोटला. मग तुम्ही कडी उघडता, आणि घाम पुसायला हात डोळ्याकडे जातो. झालं. गॉगलने पोराला उजेडाचा त्रास कमी होईल, डोळे चोळणंही थोडं कमी होईल, म्हणून राहू द्या. पण घरातल्या इतरांचं रक्षण तो करत नाही.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली होती. चार मुलींचे डोळे आले. मी ड्रॉपची एक बाटली आणली आणि रोज संध्याकाळी चौघींना ओळीने बसवून स्वतः थेंब घातले. दोघींचे डोळे नुसते चुरचुरतायत म्हणाल्या, त्यांनाही घातले. आठवडाभरात एकोणीस मुली झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बाटली हातात घेऊन विचारलं, "ही कोणाची?" मी म्हटलं, "सगळ्यांची." त्यांनी ती तिथल्या तिथे कचऱ्यात टाकली. बाटलीचं टोक पापणीला लागतं आणि एकीच्या डोळ्यातलं दुसरीच्या डोळ्यात थेट जातं, हे मला तेव्हा कळलं. त्या पंधरा मुलींचा त्रास माझ्यामुळे झाला, हे मी अजून विसरलेले नाही. म्हणून सांगते, एका माणसाला एक बाटली. धाकट्याची उरलेली बाटली थोरल्याला 'आधीच खबरदारी' म्हणून घालू नका. विषाणूवर अँटिबायोटिक ड्रॉप चालत नाहीत, ते द्यायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. मेडिकलमधून स्टिरॉइडचे ड्रॉप तर स्वतःहून कधीच आणू नका. आईचं दूध, मध, धण्याचं पाणी यातलंही काही डोळ्यात घालू नका.

आता कापडाकडे या, कारण खरी मेख तिथेच आहे. मोरीजवळ खुंटीला एकच टॉवेल आणि सगळे त्यालाच तोंड पुसतात, असं बहुतेक घरांत असतं. आजपासून सहा जणांचे सहा टॉवेल, सहा वेगळ्या खुंट्या. धाकट्याची उशी, अभ्रा, रुमाल वेगळे. अभ्रा रोज बदला. त्याचे कपडे भिजवताना झटकू नका, उकळत्या पाण्यात घाला आणि कडक उन्हात वाळवा. पावसात ऊन नसेल तर गरम इस्त्री फिरवा. तुम्ही स्वतः त्याचे डोळे पदराने पुसत असाल, तर तेवढं थांबवा. आमच्याकडे ओढणीचं तसंच व्हायचं, मुली एकमेकींचे डोळे ओढणीने पुसायच्या. त्याला उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवलेला कापूस द्या, दर वेळी नवा, एका डोळ्याचा दुसऱ्याला नाही, आणि वापरला की लगेच कचऱ्यात. काजळाची डबी घरात सामाईक असेल तर टाकून द्या.

हात धुण्याबद्दल एक गोष्ट करोनानंतर लोकांच्या डोक्यात उलटी बसली आहे. करोना आणि फ्लू यांच्या विषाणूंवर चरबीचं आवरण असतं, ते सॅनिटायझरने मोडतं. डोळ्यांची साथ आणणारे अॅडिनोव्हायरस आणि एन्टेरोव्हायरस यांना ते आवरण नसतं, त्यामुळे सॅनिटायझरवर तितकं विसंबता येत नाही. इथे साबण लावून चोळणं आणि वाहत्या पाण्याने धुऊन टाकणं हेच कामाचं. वीस सेकंद, अंगठा आणि नखांच्या कडा धरून. नळाला पाणी नसेल तर दुसऱ्याने तांब्याने ओतावं. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुचकळू नयेत. मी वसतिगृहात बादलीजवळ एक मुलगी तांब्या घेऊन उभी करायचे आणि कोणी वैतागलं तरी हटायचे नाही.

मोबाइल लोक विसरतात. आजारी पोर दिवसभर मोबाइल बघतं आणि संध्याकाळी तोच तुमच्या गालाला लागतो. त्याला देणारच असाल तर या दिवसांत एकच फोन त्याचा. कड्या, नळ, रिमोट पुसायला पातळ ब्लीच मिळतं. पाच टक्क्यांचं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली. रोज ताजं करा, आणि संडास साफ करायच्या अॅसिडमध्ये चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो.

ही साथ किती वेगाने पळते ते जुन्या लोकांना माहीत आहे. १९६९ मध्ये आफ्रिकेतल्या घानात ती उसळली तेव्हा माणूस नुकताच चंद्रावर उतरला होता, म्हणून तिथे तिला 'अपोलो ११' म्हणू लागले. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या काळात बंगालमध्ये तिलाच 'जय बांगला' नाव पडलं. २०२३ च्या पावसाळ्यात आपल्याकडे आळंदीत शाळकरी मुलांचे डोळे पटापट आले, ते तुम्हाला आठवत असेल. एन्टेरोव्हायरस असेल तर दुसऱ्याला एक-दोन दिवसांतच लागण दिसते. अॅडिनोव्हायरस असेल तर आठवडा-दीड आठवडाही जातो. म्हणून चार दिवस कोणाला काही झालं नाही की टॉवेल पुन्हा एका खुंटीवर नेऊ नका. दोन आठवडे शिस्त पाळा. डोळ्यातलं पाणी आणि लाली जाईपर्यंत शाळेत पाठवू नका, बाईंना कळवा.

डोळा फार दुखला, उजेड अजिबात सोसेना किंवा अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

राहता राहिल्या सासूबाई. घरात डोळे आलेत हे ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. काही दिवस त्यांना नणंदेकडे किंवा दिरांकडे पाठवता आलं तर उत्तम. ते जमत नसेल तर त्यांना आतली खोली द्या आणि धाकट्याला बाहेर झोपवा. त्यांचे ड्रॉप मुलाचं काही न करणाऱ्या माणसाने घालावेत. तुम्ही मुलाकडे, तर ते तुमच्या मिस्टरांनी करावं, दर वेळी आधी साबणाने हात धुऊन. त्यांची बाटली मुलाच्या बाटलीजवळ फळीवर ठेवू नका, दोन्ही सारख्याच दिसतात. त्यांच्या बाटलीला लाल दोरा बांधा.